नदीतली पिलार

मी एक जुना कॅनव्हास आहे, आणि आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मी महाभित्रा आहे. इथे इंग्लंडमध्ये, लीड्सच्या या घरात कुणी ओलं फडकं घेऊन बैठकीच्या खोलीत शिरलं, तरी मला कापरं भरतं. हसू नका! आधी ऐकून तर घ्या.

मला रंगवलं स्पेनमधल्या आन्सेल्मो कारदेल नावाच्या चित्रकाराने. गडी मोठा हट्टी. गाढवावर रंगपेटी लादायची, उजाडताच नदी गाठायची आणि ऊन बदलायच्या आत आभाळ, झाडं, पाणी उरकायचं, हा त्याचा शिरस्ता. पाव भाजणारे, शेळ्या राखणारे, बाजारात भांडणाऱ्या बायका, अशी रोजची माणसंही तो काढी. पण ती जागेवर नव्हे. माणसं तो हिवाळ्यात घरी बसून, वाळलेल्या देखाव्यावर अगदी पातळ रंगात काढी. त्यामुळे ती जिवंत दिसत, पण तो वरचा थर फार नाजूक असे.

माझ्यावर नदीत कपडे धुणारी जी बाई आहे ना, ती त्याची बायको पिलार. हा नदीचा देखावा झाला, त्याच वर्षी ती तापाने गेली होती. तिचं दुसरं एकही चित्र नव्हतं. आठवून आठवून तो रंगवायचा आणि मध्येच ब्रश टाकून ढसाढसा रडायचा. हिला आता आपणच सांभाळायचं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याने मला बोटीने इकडे आणलं. आधी खूप कौतुक झालं. मग शेकोटीचा धूर खाऊन मी काळवंडलो आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. हात बदलत बदलत मी म्हाताऱ्या मार्गारेटकडे पोचलो, आणि तिने केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात जाताना मला शेजारच्या डॉक्टर वैजयंतीला दिलं. वैजयंती शिफ्ट संपवून आली की चहाचा मग घेऊन माझ्यासमोर बसे. एवढ्या काजळीतूनही तिला पिलार दिसायची. "काय गं, तूपण दमलीस का?" असं ती विचारी. मला किती बरं वाटे!

दोन हजार चारची दिवाळी जवळ आली. वैजयंतीच्या सासूबाई, शैलाताई, पुण्याहून आल्या होत्या. दिवाळीआधी घर लख्ख झालंच पाहिजे, हा त्यांचा नेम. त्या दिवशी वैजयंती हॉस्पिटलला गेली होती; घरी तिचा नवरा यशोधन आणि शैलाताई, असे दोघंच.

"यशोधन, हे काय कळकट लावून ठेवलंय रे? आण इकडे. रिठ्याच्या पाण्याने माझ्या बांगड्या कशा झगझगीत निघतात बघ!"

"कर ना आई, फ्रेश दिसेल," म्हणत लेकाने मला टेबलावर आडवं ठेवलं आणि तो गाडी धुवायला ड्राइव्हवेवर गेला.

कोमट, फेसाळ पाणी! माझं धाबं दणाणलं. आभाळावरून स्पंज फिरला आणि आभाळ छान निळं निघालं. शैलाताई हरखल्या. मी मनात म्हणत होतो, झालं ना आता, बास करा, इथेच थांबा. पण त्यांना हुरूप आला होता. स्पंज झाडांवरून उतरला, मग नदीवर आला. मी जीव मुठीत धरला. पिलारच्या हातांवरून तो खसाखसा फिरला. स्पंजाला गुलाबी रंग लागला, तो शैलाताईंना घाणच वाटला. त्यांनी आणखी जोर लावला.

काजळी निघाली आणि पिलारचा चेहरा वर आला. शैलाताईंचा हात जागच्या जागी थांबला.

"अगंबाई! इथे कोणीतरी बाई आहे!"

तेवढ्यात वैजयंती दारात आली. "अहो आई, स्टॉप! प्लीज, आता हात नका लावू!" तिचा आवाज रडवेला झाला होता.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मला तपासलं. चेहरा वाचला होता, दोन्ही हात गेले होते. नवे हात काढता येतील, पण ते आन्सेल्मोचे नसतील, असं त्या म्हणाल्या. वैजयंतीने मान हलवली. "राहू दे तशीच."

पुण्याला निघायच्या दिवशी शैलाताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला तू दिसलीच नाहीस गं," एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांचा मला राग आला नाही. त्यांनी तर मायेनेच पुसलं होतं. म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

पिलार अजून नदीत वाकून उभी आहे. तिने धुवायला घेतलेला सदरा समोरून वाहत चाललाय आणि तिला तो धरता येत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू उजळायची घाई करू नका. जाणत्या माणसाला विचारा, आणि पुसायच्या आधी नीट निरखून बघा. तिथे कोणीतरी असेल.