तिसऱ्या पानापाशी वळलेला तडा

“कुणाला खरं वाटायचं नाही, पण हा तडा मी बोलावून आणलाय,” असं म्हणत काचकाकूंनी प्रदर्शनात मांडलेल्या आपल्या काचेसमोरचं कार्ड उचललं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये कोंबलं.

कार्डावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘चुकीचा नमुना. न जुळणाऱ्या काचा एकत्र वितळवल्यास असा तडा जातो.’

“वहिनी, अगं मॅडमनी ठेवलंय ते,” नणंद कुजबुजली.

“वाऱ्यानं उडालं म्हणून सांग.”

“बंद हॉलमध्ये?”

“मोठा वारा होता.”

नवऱ्याच्या दुकानात खिडक्यांच्या काचा कापण्यात काकूंची चाळीस वर्षं गेली होती. पाटीवर नाव नवऱ्याचं, बोटांवर व्रण यांचे. दुकान मिटलं तेव्हा उरलेली शेवटची अखंड काच त्यांनी भंगारवाल्याला दिली नाही, पलंगाखाली सरकवली. आणि सदुसष्टाव्या वर्षी, भट्टीत काच वितळवून कलावस्तू करायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. “या वयात आगीशी खेळ?” असं दीर म्हणाले, तर “तुमच्या घरात इतकी वर्षं दुसरं काय केलं?” असं उत्तर त्यांच्या पदरात पडलं.

वर्गातल्या मॅडम वयानं काकूंच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण शिकवायच्या जीव ओतून. दोन जातींच्या काचा एकत्र वितळवू नका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि त्या ओढाताणीत दोघीही फुटतात. ‘म्हणजे जावा जावा,’ असं काकूंनी वहीत टिपून घेतलं. दुसरा नियम झाकणाचा. आच बंद केली की पुरती गार होईपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही, आत कितीही जीव अडकलेला असो.

प्रदर्शनासाठी काकूंनी पलंगाखालची तीच काच काढली. तिचे दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यातून कातरलेली सात पानं. आगीनं पानं वांग्याच्या सालीसारखी केली, कडांना निळी झाक दिली. सगळं मनासारखं, फक्त काच भट्टीतून बाहेर आली ती मधोमध फुटून, दोन तुकड्यांत.

“काकू, दुकानातलं भंगार कुठलं कुठलं एकत्र केलंत ना?” मॅडमनी लांबूनच मान हलवली होती.

“एकाच काचेचे तुकडे आहेत, मॅडम. सख्ख्या बहिणी.”

“आता ते कसं कळणार?”

काकूंनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी तोंडात घातला. आच चढताना तडा गेला असता तर आगीनं त्याच्या कडा गोल केल्या असत्या. इथे तर धार होती. काच निवताना फुटली होती. मध्येच झाकण उघडून गार हवा लागली की फुटते तशी. मॅडमचा मोठा वाडगा त्याच भट्टीत होता, आणि भट्टीच्या खोलीची किल्ली फक्त मॅडमच्या गळ्यात. काकूंनी दोन्ही तुकडे तसेच प्रदर्शनासाठी दिले. मात्र आज हॉलवर येऊन बघतात तर त्यांची काच मागच्या टेबलावर आडवी, आणि पुढ्यात ते कार्ड.

कार्डाची सोय लागली होती. आता काचेची.

“धर,” त्या नणंदेला म्हणाल्या. “आणि शिंकू नकोस.”

दोघींनी एकेक तुकडा उचलला आणि खिडकीजवळ, थेट मॅडमच्या वाडग्याशेजारी नेला. तिथल्या लाकडी पट्टीच्या खाचेत काकूंनी दोन्ही तुकडे उभे केले, मध्ये बोटभर फट ठेवून. भिंतीला चिकटवली की काच मरते, चार बोटं पुढे घेतली की सावलीही कामाला लागते, हे मॅडमनीच शिकवलेलं. ऊन आलं. सात पानांच्या सावल्या भिंतीवर उतरल्या आणि त्यांच्यामधून उजेडाची एक नागमोडी वाट निघाली.

लोक वाडग्यापाशी येत आणि डोळे शेजारी जात.

“हा तडा मुद्दाम?” एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“मग काय! भट्टीसमोर स्टूल टाकून बसले. म्हटलं, डाव्या कोपऱ्यातून नीघ, तिसऱ्या पानापाशी वळ, कुणाच्या पायात पाय घालू नकोस.”

“आणि काचेनं ऐकलं?”

“सासूबाईंपेक्षा लवकर.”

हशा पिकला. नणंदेनं काकूंचा पदर ओढला. “वहिनी, आवर आता. मॅडम बघतायत.”

मॅडम वाडग्याच्या कडेवरची नसलेली धूळ पुसत होत्या.

“पहिल्यांदा तर चुकीच्या पानापाशी वळला,” काकूंनी आवाज चढवला. “दटावला, परत पाठवला. खरी करामत पुढेच. काच अजून तापलेली, आणि मी झाकण उघडलं. एवढंसंच. हवेची एक झुळूक आत सोडली नि लगेच मिटलं. त्याला छाती लागते!”

वर्गातले बँकवाले काका पुढे सरसावले. हातात वही होतीच. “किती वेळानं उघडायचं, काकू? माझी थाळी उद्या निघतेय भट्टीतून. मीही करून बघतो.”

“अर्ध्या रस्त्यात असताना. लिहून घ्या.”

बँकवाल्यांनी लिहायला सुरुवात केली. त्यांच्यामागे आणखी दोघांनी पेनं काढली. मॅडमच्या हातातलं फडकं थांबलं.

“हाताला लागेल इतकी धग असते,” काकू सांगत होत्या, नजर मात्र लोकांवरून सरकत मॅडमवर येऊन टेकली होती. “पण मी मागे हटले नाही. म्हटलं, एकदा उघडलंय तर उघडलंय. आपण केलं ते केलं म्हणायचं—”

“खोटं आहे हे!”

वहीवरचं पेन थबकलं. मॅडमचा चेहरा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा लाल झाला होता.

“लिहू नका कुणी. काकूंनी हातसुद्धा लावला नाही झाकणाला,” त्या म्हणाल्या. “मी उघडलं होतं.”