सिमेंटला बोलावणारी लाकडी घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुम्हाला शाळेतली पितळी घंटा आठवणार, नाहीतर देवळातली. मी त्यातली नव्हे. मी शिवणीच्या लाकडाची, गाईच्या गळ्यात बांधायची घंटा आहे. वय विचाराल तर पस्तीसच्या पुढे. अंग काळपट पडलंय, एका कडेला चीर गेलीय. आवाज मात्र अजून ठणठणीत आहे. हे मीच सांगते, कारण माझं कौतुक करणारे आता फारसे उरले नाहीत.

मुलचेऱ्याच्या पुढे, रानाला अगदी चिकटून आमचं गाव आहे. तिथल्या दसरू नावाच्या म्हाताऱ्यानं मला कोरलं. लाकूड वाळवलं, आतून पोखरलं, पोटात दोन लाकडी लोलक सोडले आणि मला कानाशी धरून हलवलं. आवाज पसंत पडला नाही, तेव्हा त्यानं नाक मुरडलं. पुन्हा दोन दिवस आतून खरवडत बसला. शेवटी म्हणाला, "आता बोलली." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

दसरूच्या मुलानं, पोचूनं, मला लाली नावाच्या गाईच्या गळ्यात बांधलं. दाट रानात गुरं नजरेला पडत नाहीत, आवाजावरूनच त्यांचा माग लागतो. एकदा थंडीत असं धुकं पडलं की हातभर अंतरावरचं झाड दिसेना. लाली नाल्यापलीकडे राहिली होती. पोचू नुसता माझ्या आवाजावर चालत आला आणि तिच्या शिंगाला हात लावला. त्या रात्री घरात सगळ्यांनी माझं नाव काढलं. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू!

लाली गेली, तिच्या मागच्या दोन गाई गेल्या. पोचूचे गुडघे दुखू लागले, तशी त्यानं गुरं ठेवणं बंद केलं. मला ओसरीतल्या खुंटीवर अडकवलं. तीन वर्षं मी तिथे लटकत होते. एका कुंभारीण माशीनं माझ्या पोटात मातीचं घर केलं. कधी काळी रानभर ऐकू जाणारी मी, एका माशीचं बाळंतपण सांभाळत होते.

मग गेल्या दिवाळीनंतर दिव्यानीबाई आली. ती उपकेंद्रातली नर्स. घुग्घुसहून बदली होऊन आली आणि पोचूच्या घराची बाजूची खोली तिनं भाड्यानं घेतली. बरोबर दोन पेट्या, एक गॅस आणि एक बोका होता. बोका राखाडी रंगाचा, नाव सिमेंट. घुग्घुसला खाणीच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर तो वाढला होता. त्याच्या पायाला माती म्हणून कधी लागली नव्हती.

आमच्या गावात मांजरं आपापली राहतात. त्यांना कोणी बाहेर फिरायला शिकवत नाही. पण सिमेंटची गोष्ट वेगळी होती. खोलीत कोंडला की तो दिवसभर खिडकीशी रडायचा, आणि दार उघडं टाकावं तर भीती. मागच्या पावसाळ्यात बिबट्यानं गावाच्या टोकावरून दोन कुत्री उचलली होती.

"क्वार्टरात वाढला हा," दिव्यानी पोचूला म्हणाली. "याले कुत्रं माहीत नाई, साप माहीत नाई, बिबट त माहीतच नाई. एकदम सोडला त संपला. हळूहळू शिकवा लागते, भाऊ."

पोचूची बायको सोमारीबाई भात पाखडत होती. तिला हसू आवरेना. "मांजरीले कोणी शाळा शिकवते काय वो?"

दिव्यानीनं खरंच शाळा काढली. आधी सिमेंटला रेबीजची सुई टोचून आणली. मऊ कापडाचा पट्टा शिवला, गळ्यात नव्हे तर छातीभोवती बसेल असा. चार दिवस तो पट्टा घालून सिमेंट खोलीतच फिरला. पहिल्या दिवशी तर आडवाच पडला, जणू अंगावर पोतं टाकलं. पाचव्या दिवशी उंबरठा. मग अंगण. अंगणात तो पुढे आणि दोरी धरून बाई मागे. तो कोंबडीला घाबरून थांबला की बाईही थांबायची, ओढायची नाही. फिरायचं नेहमी भुकेल्या पोटी, म्हणजे खाण्यासाठी परत यायची ओढ राहते. हे सगळं दुपारी दीड वाजता, तिच्या जेवणाच्या सुट्टीत चालायचं.

आता हाक मारल्यावर परत यायला शिकवायचं राहिलं होतं. सिमेंटला स्वतःचं नाव ऐकू येत नसे, किंवा येत असूनही तो तसं दाखवत नसे. तेव्हा पोचू उठला, त्यानं खुंटीवरून मला काढलं, काडीनं माशीचं घर उकरून टाकलं आणि मला तिच्या हातात दिलं.

"हे घे बाई. इचा आवाज कोसभर जाते. मांजराले समजन का नाई, थे मले ठाव नाई."

मित्रांनो, मला आधी राग आला. गाईंच्या कळपापुढे चालणारी मी, आणि आता एका बोक्याला जेवायला बोलवू? पण तीन वर्षं गप्प बसल्यावर माणूस काय आणि घंटा काय, मिळेल ते काम घेते. दिव्यानी मला दोनदा हलवायची, टोक-टोक, आणि लगेच सुक्या मासोळीचा तुकडा सिमेंटपुढे ठेवायची. आठ दिवसांत तो खोलीच्या कोपऱ्यातून यायला लागला. पंधरा दिवसांत अंगणातून, महिन्यानं मागच्या वाडीच्या कुंपणापासून, शेपटी उभी धरून धावत. मला त्याचं येणं आवडायला लागलं. त्याला माझा आवाज हवाहवासा वाटत होता, आणि लालीनंतर असं कोणाला वाटलं नव्हतं.

चूक इथेच झाली, आणि ती आमच्या गावासारख्या गावातच होऊ शकते. आमच्याकडे रोज सकाळी साठ गुरांचा कळप रानात जातो. त्यातल्या आठ जणींच्या गळ्यात लाकडी घंटा आहेत. हा आवाज गावाच्या इतका अंगवळणी पडलाय की तो कोणाला ऐकूच येत नाही. शिकवणी चालायची दुपारी, तेव्हा गुरं दूर रानात असायची. सकाळ-संध्याकाळ कळप गावातून जाताना सिमेंट बंद दारामागे, तोही खोलीत पंखा लावलेला. पोचूला सुचलं नाही, सोमारीला सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं. पण मला वाटायचं, माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाचा असेलच कसा!

जानेवारीतला गुरुवार होता. दुपारी शेजारच्या गावात लसीकरण होतं, म्हणून दिव्यानीनं सिमेंटला सकाळीच वाडीत नेलं. महिनाभर तो चुकला नव्हता, तेव्हा त्या दिवशी तिनं पहिल्यांदा दोरी सोडली. पट्टा अंगावर, दोरी नाही. तो कुंपणापर्यंत गेला, तुरीच्या ताटांचा वास घेतला, एका फुलपाखरावर पंजा मारला. बाई कौतुकानं बघत होती. आणि वाडीमागच्या वाटेनं कळप आला.

आठ घंटा एकदम वाजत होत्या. सिमेंटनं कान टवकारले. त्याच्या हिशेबानं आठ ठिकाणी मासोळी वाढली होती. तो कुंपणातून निसटला आणि शेपटी उभी करून कळपामागे धावला. दिव्यानीनं मला जीव खाऊन हलवलं. मी वाजले, खूप वाजले. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. मी नववी होते. तो आठांच्या मागे गेला, आणि गुरांच्या धुळीत दिसेनासा झाला.

दिव्यानी तशीच चपला घालून निघाली. पोचूनं तिला अडवलं. "थांब बाई. रानात एकटं जाऊ नोको. त्याच्यापायी तू जाशीन काय?"

ती थांबली. "माह्याच भरोशावर बाहेर आला होता न भाऊ तो," एवढंच ती म्हणाली. त्या शब्दांनी मला माझ्या चिरेपेक्षा जास्त दुखलं. तो तिच्या भरवशावर बाहेर आला होता आणि माझ्या आवाजावर गेला होता.

पोचूनं शेजारच्या दोघांना काठ्या घेऊन बोलावलं. सोमारीबाईही निघाली. पाच जण मोठ्यानं बोलत, बैलगाडीच्या वाटेनं नाल्याकडे गेले. गुरं आधी तिथेच पाण्याला थांबतात. गुराखी धनराज सावलीत बसला होता.

"आलता बोका," तो म्हणाला. "पांढऱ्या गाईच्या मांगं मांगं आला इथवर. मंग माह्या कुत्र्यानं भुकून देल्लं, त त्या बांबूत घुसला. आता निंघूनच नाई राह्यला."

बांबूचं बेट दाट आणि मोठं होतं. आत शिरायला कोणी तयार नव्हतं, आणि शिरूही नये. दिव्यानीनं मला वाजवलं. लगेच डावीकडून एक घंटा वाजली, उजवीकडून दोन, नाल्यातून एक. गुरं मान हलवतात तशा त्या वाजतातच. आत बसलेल्या त्या बिचाऱ्याला कळणार कसं, कुठल्या बाजूनं निघायचं!

पोचू बराच वेळ ऐकत राहिला. माझ्या मते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्या सगळ्या घंटा एकदम ऐकल्या. मग कपाळावर हात मारला. "मीच घातला घोळ. ढोराची घंटी मांजराले देल्ली." तो धनराजकडे वळला. "साऱ्याईच्या घंट्या बंद करा लागतीन."

धनराज चरकला. घंटा बंद म्हणजे गुरांचा पत्ता बंद. "अठरा घरची ढोरं हायेत, भाऊ. मागच्या महिन्यात याच नाल्यात बिबटानं कालवड नेली. मुकं ढोर बांबूत गेलं त मी गावाले काय सांगू?"

दिव्यानीनं मला खाली केलं. "धनराजभाऊ बरोबर बोलून राह्यले," ती म्हणाली. "राहू द्या. एका बोक्यासाठी लोकाईच्या गाई नोका मोकळ्या सोडू."

सोमारीबाई उठली, पळसाची चार पानं तोडली, चुरगाळून गोळा केला आणि पांढऱ्या गाईच्या घंटेत कोंबला. "उभे काऊन हा?" ती पुरुषांना म्हणाली. "ढोरं एकजागी करा अन् भवताल उभे राहा. डोळ्यानं राखा घडीभर."

गुरं एकजागी आणली. चार माणसं चार बाजूंना उभी राहिली. एकेक घंटा पानांनी बंद होत गेली, आणि आठवी बंद झाली तेव्हा रान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. नाल्याचं पाणी ऐकू यायला लागलं. धनराजची नजर गाईंवरून हलत नव्हती.

दिव्यानीनं मला हलवलं. टोक-टोक. थांबली. पुन्हा टोक-टोक. मला तेव्हा भीती वाटत होती, फुगायला जागाच नव्हती. आपल्या एका आवाजावर कोणाचा तरी जीव टांगलेला असणं फार जड असतं. मी सहाव्यांदा वाजले तेव्हा वाळल्या पानांत खसखस झाली. बांबूतून आधी एक राखाडी डोकं आलं, मग पट्टा, मग कुसळांनी भरलेली शेपटी. सिमेंट धावला नाही. पोट जमिनीला टेकवत, थांबत थांबत आला, बाईच्या पायाशी बसला आणि तिच्या हाताकडे पाहू लागला. हात रिकामा होता. घाईत मासोळी आणायची कोणालाच आठवण राहिली नव्हती.

धनराजनं आपली शिदोरी सोडली आणि भाकरीवरचे मासोळीचे दोन तुकडे पुढे केले. दिव्यानी सिमेंटला छातीशी धरून तिथेच मातीत बसली आणि रडली. सोमारीबाई भराभर गाईंच्या घंटा मोकळ्या करत सुटली. गुरं मोजली. सगळी होती. दोन वाजता दिव्यानी लसीकरणाला वेळेवर पोचली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू झाली, दोरीसकट. या वेळी हाक कोणती, यावर ओसरीत मोठी चर्चा झाली. जिभेनं टकटक केलं तर पोचू म्हणाला, थे बैलाचं. शिट्टी वाजवली तर कुत्री आली. कुर्र केलं तर कोंबड्या. गावातला प्रत्येक आवाज कोणा ना कोणा जनावराचा होता. शेवटी दिव्यानीनं खाणीच्या पाळीचा भोंगा तोंडानं वाजवला, लांबलचक, नाकातून. सोमारीबाई हसून हसून आडवी झाली. पण तो आवाज आमच्या गावात कोणाचाच नव्हता. आता सिमेंट त्या भोंग्यावर येतो. बाहेर पडतो तो कळप गेल्यावर, आणि गुरं परतायच्या आधी घरात असतो.

मी खुंटीवर परत आले. एकदा वाऱ्यानं हलले, नुसती सहज, तर सिमेंट वाडीतून धावत आला. माझ्याखाली बसून वर बघत राहिला. माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

पोचूनं ते पाहिलं. त्यानं जुन्या लुगड्याची चिंधी आणली आणि माझ्या पोटात कोंबली. कोंबताना म्हणाला, "लय बोलली माय तू. आता आराम कर." इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

मित्रांनो, तुमच्याकडे मांजर असेल तर त्याला जन्मभर कोंडू नका, आणि एकदम मोकळंही सोडू नका. रोज थोडं थोडं शिकवा. हाक अशी द्या की ती फक्त त्याची आणि तुमची असेल, आणि हाक मारल्यावर ते आलं की त्याला कधी रिकाम्या हातानं परत पाठवू नका. तुमच्या भरवशावर ते उंबरठा ओलांडतं.

पोचूनं चिंधी घट्ट बसवलेली नाही. पुन्हा कधी सिमेंट हरवला, तर एका हिसक्यात निघावी म्हणून तिचं एक टोक त्यानं बाहेर ठेवलंय. मला वाजायला फार आवडतं, तुम्हाला ते एव्हाना कळलंच असेल. तरी त्या टोकाला कोणाचा हात लागू नये, असं मला रोज वाटतं.