विणीची तबकडी

केशवराव जोश्यांच्या कपाटात एकतीस जुनी मनगटी घड्याळं होती. काहींच्या तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत किरणं कोरलेली, काहींवर लाटा, एकीवर तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पण कापडासारख्या उभ्या-आडव्या विणीची तबकडी बारा वर्षं शोधूनही त्यांना मिळाली नव्हती.

ती मिळाली पुंडलिकला. फुलंब्रीहून रोज नोकरीला शहरात येणारा हा चाळिशीचा माणूस वर्षभरापूर्वी या नादाला लागला, तोही केशवरावांचं बघून. भिंग कसं धरायचं इथपासून त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"काका, शहागंजात जुन्या घड्याळांच्या दुकानात गावलं बघा," म्हणत त्यानं रविवारी सकाळी रुमाल उलगडला.

चंदेरी तबकडीवर बारीक धागे एकमेकांच्या खालून-वरून गेल्यासारखे दिसत होते. घड्याळ जरा कलतं केलं की वीण उजळायची, पुन्हा विझायची.  त्याच दुकानात केशवराव गुरुवारी जाऊन आले होते.

"डाग लई हायेत पण," पुंडलिक म्हणाला. "काय करावं?"

जुन्या तबकडीचे डाग तसेच राहू द्यायचे असतात, हे त्यांनी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

"रंगवून घे," ते म्हणाले. "नव्यासारखी होईल."

"व्हय? मग उद्याच टाकतो रंगवायला."

सोमवारी केशवरावांनी तीनदा फोन हातात घेतला. एक शब्द पुरला असता. पण ती वीण पुंडलिकच्या मनगटावर दिसायला लागायची आणि फोन खाली ठेवला जायचा.

पुढच्या रविवारी पुंडलिक आला तेव्हा तबकडी दुधासारखी पांढरी, गुळगुळीत झाली होती.

"वीण पार गेली, काका. रंगाऱ्यानं आधी घासूनच काढली. माझंच चुकलं, त्याला नीट बजावायला पायजे होतं."

त्यानं रागानं बोल लावला असता तर केशवराव गप्प बसले असते. हे मात्र त्यांना ऐकवेना.

"तुझं नाही चुकलं. घासल्याशिवाय रंग बसत नाही. मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग सांगितलं का नाय?"

"तुला मिळाली म्हणून."

 पुंडलिकनं घड्याळ मनगटावर चढवून पट्टा आवळला.

"तुम्ही मागितलं असतं तर दिलं असतं, असं नाय म्हणत मी. नसतंच दिलं. पण तुमच्याशी असं वागलो नसतो."

समोरच्या चहाला हात न लावता तो निघून गेला. त्यानंतरचे रविवार रिकामेच गेले.

दोन महिन्यांनी क्रांती चौकात स्कूटरवरून सिग्नलला थांबलेल्या केशवरावांना तो दिसला. चहाच्या गाड्याजवळ एक पिकल्या केसांचा अनोळखी गृहस्थ एका घड्याळावर भिंग धरून त्याला काहीतरी समजावून सांगत होता आणि पुंडलिक मन लावून ऐकत होता. पुंडलिकच्या मनगटावर कुठलं घड्याळ आहे, हे बघायचंही केशवरावांना सुचलं नाही. स्कूटर तशीच उभी ठेवून ते त्या गृहस्थाकडं बघत राहिले. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्यांची नजर हटेना.