कै. रत्नाबाई यांच्या स्मरणार्थ

माणच्या शाळेत एकही वस्तू बेवारस नव्हती. पंख्यावर हैबतराव, पाण्याच्या टाकीवर हैबतराव, मुतारीच्या दारावरही हैबतराव, तिथं तर फोन नंबरसकट. शेजारच्या आयटी पार्कातल्यांना खोल्या भाड्यानं देऊन म्हाताऱ्याचं बरं चाललं होतं, आणि दान द्यायचं ते नावासकट ही गावाची रीतच. आई गेली तेव्हा त्यांनी फळ्यावर रेघा मारायला प्रत्येक वर्गाला एक सागवानी पट्टी दिली. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कै. रत्नाबाई यांच्या स्मरणार्थ'. त्या पट्ट्यांनी फळ्यावर रेघ मात्र कुणी कधी मारली नाही.

'शाळेतील हिंसा' या विषयावर चित्रप्रदर्शन भरवा, असा वरून आदेश आला आणि मुख्याध्यापक जनार्दन सरांनी तो चित्रकलेच्या स्वरदाच्या गळ्यात घातला.

"हिंसा दाखवा, पण आपल्याकडची नको," सर म्हणाले. "परदेशातली दाखवा. बंदूक काढायला सोपीसुद्धा असते."

स्वरदा कंत्राटी होती. जूनमध्ये तिच्या कागदावर सही करायची की नाही, हे सरांच्या हातात होतं. तरी तिनं वर्गात जाऊन सांगितलं, जे पाहिलंय तेच काढा. याला हिंमत म्हणायची की अक्कल गहाण टाकणं, हे तिचं तिलाही ठरवता येईना.

नववीतल्या गौतमीनं सुजलेला तळहात काढला. करंगळीला बँडेज बांधलेलं, वर उगारलेली सागवानी पट्टी आणि तिच्यावर लाल अक्षरं, अनुस्वारासकट. मारणाऱ्याचा चेहरा नव्हता. पण त्याच्या मनगटावरचं सोनेरी घड्याळ अख्ख्या गावाच्या ओळखीचं होतं.

"हे उतरवा," सर घड्याळावर बाही ओढत म्हणाले.

"उतरवते," स्वरदा म्हणाली. "पण उद्घाटनाला हैबतराव येतायत. त्यांच्या आईचं नाव भिंतीवरून का उतरवलं, ते तुम्हीच सांगा."

मागं रंगाऱ्यानं चुकून टाकीवरचं नाव पुसलं होतं, तेव्हा ते परत लिहीपर्यंत म्हाताऱ्यानं शाळेकडं पाठ फिरवली होती. सरांनी बराच विचार केला आणि सरांचे विचार नेहमी जिथं जातात तिथंच, देणगीकडं, तो गेला. म्हाताऱ्याला नाव दिसलं की बाकी काही दिसत नाही, असं म्हणून त्यांनी ते चित्र स्वतःच्या हातानं मधोमध, दारासमोर टांगलं.

हैबतराव आले, फीत कापली आणि चित्रापुढं, गौतमीशेजारी, उभे राहिले. आधी खूश झाले. मग चष्मा चढवला.

"आयचं नाव झ्याक काडलंस पोरी. पन ह्ये काय हाय?"

"पट्टी हाय," गौतमी म्हणाली. "आमी तिला रत्नाबाईच म्हन्तो. आज दोन रत्नाबाया खाल्ल्या, आसं." तिनं हात पुढं केला. करंगळी अजून वाकडीच होती. "ही रत्नाबाईनं मोडली."

स्वरदाला वाटलं, गेला आपला जून. आणि त्याच वेळी तिला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की जून गेला तर गेला, असंही वाटून गेलं.

"सात लेकरं वाडवली माज्या आयनं," हैबतराव हळू आवाजात म्हणाले. "येकावर बी कदी हात उगारला न्हाई. आन तुमी तिच्या नावानं पोरं हानताय व्हय?"

"आण्णा, शिस्तीसाठी थोडं..." सर म्हणू लागले.

"समद्या पट्ट्या घिऊन या. आत्ता."

सर वर्गावर्गातून हिंडले आणि सरपणाची मोळी आणावी तशा पट्ट्या छातीशी धरून आले. पोरं बाकांवर उभं राहून बघत होती, आणि कवेत एवढ्या पट्ट्या असूनही त्यांना खाली बसवायला सरांना एकही उगारता येत नव्हती.

"चित्र हितंच ऱ्हाईल," हैबतराव म्हणाले. "आन ह्या बाईंना काय तरास झाला, तर टाकीवरचं नाव मी सोता पुसीन."

एवढी मोठी धमकी त्या शाळेला आजवर कुणी दिली नव्हती.

सत्काराची शाल पुढं आली. ती त्यांनी खांद्यावर घेतली नाही. टेबलावर पसरली, तिच्यात एकेक पट्टी ठेवली आणि गाठोडं करून काखेत घेतलं.

"बसा की आण्णा, चहा..." सर म्हणाले.

"नगं. आयला घरी नेतोय."