उकळलेला ब्रश

कालव्यात सापडलेल्या देहाच्या दाढेतून तपासनीसबाईंनी डीएनए काढून ठेवला होता. पण एका हाताने टाळी वाजत नाही. जुळवायला, देह ज्याचा वाटत होता त्या बेपत्ता माणसाची घरातली एखादी वापरातली वस्तू हवी. ना मूल, ना भाऊबहीण. होती फक्त बायको, आणि नवरा-बायकोचं रक्त काही जुळत नाही. परवापर्यंत ओळख पटली नाही, तर देह बेवारस म्हणून पुरला जाणार होता.

काकू तिसऱ्यांदा प्रयोगशाळेत आल्या होत्या. आधी नवऱ्याचा दात घासायचा ब्रश आणला, मग कंगवा. दोन्ही कोरे निघाले. आज रेझर. तोही लख्ख.

"काकू, खरं सांगा, ब्रश धुतला होतात?"

"उकळून काढला. सरकारी कचेरीत द्यायचा, तो घाणेरडा कसा देऊ?"

"आणि कंगवा?"

"सोडा टाकून."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मला मळच हवा होता. माणूस मळातच उरतो, आणि तुम्ही त्याला चाळीस वर्षं घासून काढलंत."

"हेही तेच म्हणायचे."

"उशीचा अभ्रा?"

"हे परत आले नाहीत, त्याच दिवशी धुतला. हात रिकामे राहवेनात."

"देवाशपथ, तुमचं पाणी न लागलेली एकही वस्तू नाही घरात?"

काकूंनी पिशवी जवळ ओढली. मग पिशवीच्या तळातून एक डबी काढली. आत कानाचं मशीन.

"ह्याला पाणी चालत नाही. पण हे दाखवायचं नव्हतं."

"का हो?"

"माझी कटकट सुरू झाली की हे काढून टेबलावर ठेवायचे. त्या दिवशीही ठेवलं आणि चपला घालून निघाले. तुम्ही विचाराल, भांडण कशावरून."

"नाही विचारणार," बाई म्हणाल्या. मशीनच्या टोकाला पिवळट मळ पाहून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अहवाल आला. जुळलं. सही करताना काकूंनी हळूच विचारलं, "मी बोलले ते ऐकू गेलं नसेल ना त्यांना?"

"मशीनशिवाय किती ऐकू यायचं?"

"दार आपटलेलंही नाही."

"मग नाही गेलं."

"बरं. डबी द्या माझी."

"ती आता पुरावा झाली, काकू. प्रकरण मिटेपर्यंत इथेच."

"किती दिवस?"

"ते मलाही कुणी सांगत नाही," बाई वैतागून म्हणाल्या.

काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मग एवढं करा. ते पुसू नका."