मापापेक्षा थोडा जास्त

"काका, हा शेवटचा फुगा. हाही वीस किलोमीटरच्या आत फुटला, तर माझी तीन वर्षं पाण्यात," संशोधक बाई म्हणाल्या.

त्यांच्या रडारवर बावीस किलोमीटर उंचीवर हवेचा एक पातळ गरम थर दिसे. तो खरा की यंत्राचा भास, हे तिथवर पोचलेला फुगाच सांगणार होता. आधीचे आठही वाटेतच फुटले होते.

वेधशाळेत फुगे भरणाऱ्या काकांनी गॅसची नळी जोडली. फुग्याच्या तोंडाला ठरलेलं वजन अडकवायचं, ते उचललं गेलं की गॅस बंद, असा नियम. काका मात्र एकवीस वर्षं वरून आणखी थोडा सोडत. लांबच्या वाटेला निघालेल्याला कुणी हात आखडून वाढतं का? फुगा सुसाट जाई आणि काकांची कॉलर ताठ होई.

"वर हवा विरळ," बाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तिथं तो आपोआप फुगत जातो. मग इतक्या लवकर का फुटतो?"

काकांचा हात नळीवर थबकला. "आपोआप फुगतो?"

"हो. दसपट, वीसपट."

गपचूप मापात भरला असता तर कुणाला कळलं नसतं. काकांनी नळी खाली ठेवली. "बाई, मी मापापेक्षा जास्त भरतो. पहिल्यापासून."

बाई गर्रकन वळल्या. "आठही?"

"आठही."

"अहो, लेकरांना खाऊ घालून घालून मारलंत की! आणि मी त्या फुगेवाल्या कंपनीला चार पत्रं खरडली. शेवटच्यात तर त्यांची अक्कल काढलीय!" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, ते आवरेना.

नववा मापात भरला. सोडला तर स्वारी छपराकडेच झुकली. काका मान वर करून खालून धावत सुटले. "अरे आळशा, उचल पाय! इकडं कुठं?" छपराला वीतभर चुकवून तो वर गेला.

फुगा सुटला की काकांचं काम संपे. आज बाईंनी त्यांना, फुग्याला बांधलेल्या यंत्राकडून उंचीचे आकडे येत त्या पडद्यापुढं बसवलं. एकोणीस. वीस. एकवीस. बावीसवर तापमानाची रेघ टुणकन उजवीकडे उडाली.

"आहे! काका, थर आहे!" बाई टाळ्या पिटत फोनकडं धावल्या.

काका जागचे हलले नाहीत. ते आकडे मोठ्यानं वाचत होते. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. एकतिसावर फुगा फुटला; आकडे थांबले आणि उलटे उतरू लागले.

काका खुर्चीवरून उठले आणि डोक्यावरची टोपी काढून क्षणभर उभे राहिले.