लाल नट

तोलू चाकाचा तिसरा नट सैल करत होता, तेव्हा मी चहाचे कप घेऊन शेडमध्ये शिरले.

"हात काढ," मी म्हणाले. "पाना राहू दे तिथेच. चाकासमोरून बाजूला हो, बंपरकडे."

तोलू अँब्युलन्सवर काम करतो. कधी प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्याला कळतं. तो लगेच सरकला.

आमची लष्करी लॉरी १९४३ची. तिचं चाक दोन ताटल्यांचं असतं. मधले नट चाक गाडीला धरून ठेवतात, कडेचे नट त्या दोन ताटल्यांना एकमेकींशी. टायरमध्ये हवा असताना कडेचे काढले, तर काही टनांचा रेटा पुढची ताटली समोरच्या माणसावर फेकतो. म्हणून कडेचे नट लाल रंगवायचे. लाल सोडून बाकीचे काढायचे, हे मॉरीन प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. तिने सगळी हयात बस डेपोत काढली आहे.

आज एकही नट लाल नव्हता. सगळे ताज्या हिरव्या रंगाने चकचकत होते.

मी मडगार्डला चिकटून हात लांब केला आणि व्हॉल्व्ह काढला. हवा बराच वेळ सुसाटत राहिली. ती थांबल्यावरच मी मडगार्ड सोडलं.

"लाल नव्हतेच गं, हेस्टर," तोलू हळूच म्हणाला. "मला वाटलं, सगळेच काढायचे."

नेव्हिल पर्स्लो तेवढ्यात आत आला. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. उद्याच्या प्रदर्शनासाठी शिवून घेतलेला युद्धकाळातला गणवेश घालून पाहत होता. फौजेत तो एक दिवसही नव्हता.

"नट तुम्ही रंगवलेत?" मी विचारलं.

"गुरुवारी. गेल्या वर्षी परीक्षकांनी त्या लाल रंगाचे गुण कापले होते. जुन्या फोटोत लाल नट नाहीत."

"फोटो काळा-पांढरा आहे, नेव्हिल."

"जाणत्या माणसाला रंग लागत नाही."

"आमच्या डेपोत एक जाणता होता," मॉरीन बाकावरून म्हणाली. "तीन महिने जबडा तारेने बांधलेला. सूप नळीने प्यायचा."

"अगं, पण झालं तर काही नाही ना," नेव्हिल म्हणाला.

मी पलीकडच्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ गेले आणि व्हॉल्व्ह काढला. मग त्याच्या मागच्या चाकाचा. लॉरी कण्हत एका बाजूला बसली.

"हे काय चाललंय?"

"झालं काही नाही ना अजून," मी म्हणाले आणि शेवटच्या चाकाकडे वळले. चारही व्हॉल्व्ह खिशात टाकले.

"परीक्षक उद्या नऊला येतात. मी समितीकडे तक्रार करीन."

"जरूर करा. समिती तक्रार ऐकताना तोलूकडेच बघेल. कडेचे नट लाल होईपर्यंत हवा नाही."

तोलूने फळीवरचा लाल रंगाचा डबा उचलला, झाकण उघडलं आणि ब्रशसकट नेव्हिलच्या हातात ठेवला.

"माझा गणवेश खराब होईल."

"होऊ दे," मॉरीन म्हणाली. "निदान कुणीतरी त्यात काम केल्यासारखा दिसेल."

नेव्हिलने आमच्या तिघांकडे पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला. चहा गार झाला, तो पिण्याची कुणालाच इच्छा नव्हती. त्याने एकेका चाकाचे कडेचे नट रंगवले. माझा राग काही उतरला नाही. उलट प्रत्येक लाल ठिपक्यासोबत मला दिसत होतं, की हे काम किती थोडं होतं.

तो उठला, गुडघे झटकले आणि व्हॉल्व्हसाठी माझ्यापुढे हात पसरला.

मी टॉर्च लावून चारही चाकं फिरून पाहिली.

"मागच्या उजव्या चाकाचा," मी म्हणाले, "खालचा एक राहिलाय."